नातेपुते टू लंडन, व्हाया दहावीचा निकाल

टीनएजर्सना घेऊन परदेशात फिरणं म्हणजे नेमकं काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. लहान मुलांना आइस्क्रीम दाखवलं की ती चालतात. ज्येष्ठांना बाक दाखवला की ते खूश. पण तेरा ते एकोणीस या वयाला दाखवायचं काय? तुम्ही हौसेनं बोट दाखवून म्हणावं, ‘तो बघ बिग बेन!’ आणि उत्तर यावं, ‘हो, बघितलंय रील्समध्ये.’ संपला विषय!

माझ्या ऑफिसातल्या निम्म्या मैत्रिणींना अजून मुलं नाहीत आणि उरलेल्यांची प्ले-ग्रुपात आहेत. तरी हे वाचा. कारण भाचे-पुतणे सगळ्यांना असतात आणि ‘तू पुण्यात असतेस, तुला सगळं माहीत, तूच घेऊन जा’ हा फोन कधी ना कधी येतोच. मला तो 2024 च्या जानेवारीत आला. दादाचा. नातेपुत्याहून.

नातेपुतं माहीत नसलेल्यांसाठी: सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीत जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम आमच्याकडे करते. वर्षातून एक रात्र आमच्या गावाचं शहर होतं. अंगणात दिंडी उतरते, वहिनी पहाटेपासून पिठलं-भाकरीच्या मागे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव पुन्हा रिकामं. म्हणजे आमच्या घराला दुसऱ्यांचे प्रवास सांभाळायची सवय. स्वतः प्रवासी व्हायची तेवढी नाही.

तर टीम अशी. आई, वय 67, गुडघे ठीक. वहिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पुतणी सोळा वर्षांची, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. पुतण्या तेरा वर्षांचा, त्याच्याबद्दल एवढंच सांगते की तो फक्त क्रिकेट आणि जेवण या दोन गोष्टींना उत्तर देतो. आणि मी, म्हणजे आत्या, पुण्यातल्या आयटी कंपनीतून बारा दिवसांची रजा मिळवलेली. दादाचं कृषी सेवा केंद्र. मे-जूनमध्ये बियाणं सोडून तो लग्नाला जात नाही, लंडनला कुठून येणार? 7 मेला माढ्याचं मतदान उरकलं आणि पुढच्या पंधरवड्यात आम्ही पाचजण निघालो.

बॅगेत सोलापुरी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. तूप आणि पेढे आईनं मनावर दगड ठेवून काढून ठेवले, कारण ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. हे तुमच्याही आईला आधीच सांगा. विमानतळावर सांगायचा विषय नाही तो.

22 मे 2024 ला पोचलो आणि त्याच संध्याकाळी तिथल्या टीव्हीवर पंतप्रधान ऋषी सुनक भर पावसात उभे राहून निवडणूक जाहीर करताना दिसले. सूट चिंब. आईचा पहिला प्रश्न, ‘अगं, एवढ्या मोठ्या माणसाला छत्री धरायला कुणी नाही?’ पावसातलं भाषण म्हटलं की आपल्याला 2019 चं सातारा आठवतं. पण पाऊस सगळ्यांनाच पावतो असं नाही. 4 जुलैला सुनक यांचा पक्ष साफ हरला.

रोज नवा कॅप्टन

आमचा फंडा सोपा होता. पाच माणसं, पाच दिवस, रोज एक कॅप्टन. कुठे जायचं, कसं जायचं, कुठे जेवायचं हे कॅप्टन ठरवणार. बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही. कुरकुर केली तर रात्रीची भांडी. (भाड्याच्या फ्लॅटमध्ये भांडी असतात, आणि ती घासायला आपणच असतो.)

फ्लॅट घेतला होता वेंब्ली पार्कजवळ. शहराच्या मध्यापासून लांब, पण ज्युबिली लाइन थेट. ईलिंग रोडवर भेंडी, कोथिंबीर, कडीपत्ता सगळं मिळतं, त्यामुळे वहिनी पहिल्याच दिवशी सेट. पौंड तेव्हा 106 रुपयांच्या आसपास होता. बसचं तिकीट पावणेदोन पौंड, म्हणजे 185 रुपये. ऐकूनच आईनं ‘चालत जाऊ’ जाहीर केलं. मग तिला सांगितलं की पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे लागत नाहीत. तेव्हा ती डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढच्या सीटवर जाऊन बसली. दहा पौंडांची नोट मात्र पर्समध्येच ठेवा. 2014 पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत.

स्टेशनवर ऑयस्टर कार्डं घेताना एक गंमत झाली. 11 ते 15 वयाच्या पाहुण्या मुलांना अर्ध्या दरात प्रवास मिळतो, स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगितलं की तो कार्डावर तशी नोंद करून देतो. चिरंजीव बसले त्यात. पुतणी मात्र सोळा पूर्ण. तिला पूर्ण तिकीट.

‘म्हणजे इथं मी अ‍ॅडल्ट,’ ती म्हणाली.

‘तिकिटापुरती,’ वहिनी म्हणाली.

पुढचे पाच दिवस या दोन वाक्यांवरच चालणार होते, हे मला तेव्हा साधारण कळलं होतं. कारण पोरीनं आधीच मला फोनवर सांगून ठेवलं होतं, ‘आत्या, मला अकरावीला पुण्याला यायचंय. घरी तू काढ विषय.’ आणि दादाचं ठरलं होतं अकलूज. घरचा डबा, एसटीचा पास, संध्याकाळी घरी. निकाल 27 मेला लागणार असं कळलं, तेव्हा तो आमचा नेमका पाचवा दिवस होता.

एवढा उतार? रान सपाट करून घ्या की!

पहिला कॅप्टन पुतण्या. म्हणजे लॉर्ड्‌स. दुसरं काही शक्यच नव्हतं. वाटेत बेकर स्ट्रीट लागतं. जगातली पहिली भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 ला सुरू झाली, तेव्हाच्या मूळ स्टेशनांपैकी हे एक. आपली बोरीबंदर-ठाणे त्याच्याही दहा वर्षं आधीची, 1853 ची! आणि नातेपुत्याला अजून रेल्वेच नाही. फलटण-पंढरपूर मार्गाची चर्चा इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. एवढ्यात लंडननं जमिनीखाली केवढं जाळं विणलं, असं मी म्हणणार होते, पण श्रोत्यांच्या कानात इयरफोन होते. बेकर स्ट्रीट पाहून उलट एक स्टेशन मागे आलो आणि सेंट जॉन्स वूडला उतरलो.

लॉर्ड्‌सची टूर घ्याच. सामना नसलेल्या दिवशी पॅव्हेलियन, लाँग रूम, ड्रेसिंग रूम असं सगळं दाखवतात. ड्रेसिंग रूममधल्या ऑनर्स बोर्डवर कसोटी शतकं लिहिलेली असतात. वेंगसरकरांचं नाव तीनदा, 1979, 1982 आणि 1986. आणि 2002 मध्ये अजित आगरकर, नाबाद 109. सचिनचं नाव त्यात नाही. ‘आगरकर आहे आणि सचिन नाही?’ पोरगा दोन मिनिटं गप्प. मग ती बाल्कनी. 13 जुलै 2002, गांगुलीचा शर्ट! आमच्या पिढीनं हे लाइव्ह बघितलंय आणि याच्या जन्माच्या आधीचं आहे, तरी पोझ त्यानंच दिली. शर्ट न काढता. वहिनी समोर उभी होती.

आईला क्रिकेट कळत नाही. तिला शेत कळतं. गाइडनं सांगितलं की मैदान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अडीच मीटरच्या आसपास उतरतं आणि या उतारामुळे चेंडू वळतो. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, ‘मग रान सपाट करून घ्यायचं की! एवढी वर्षं काय केलं?’ गाइडला हे उलट भाषांतर करून सांगितल्यावर तो इतका हसला की पुढची दहा मिनिटं टूर त्यानं फक्त आईलाच दिली.

दुसरा दिवस माझा, ब्रिटिश म्युझियम. प्रवेश फुकट, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं. मांडलेल्या वस्तू 80 हजारांच्या घरात. पुतण्यानं फोनवर हिशोब केला, एका वस्तूला दहा सेकंद दिले तरी सव्वादोनशे तास. म्हणून मी त्यांना म्हटलं, प्रत्येकी एकच वस्तू शोधा आणि बाकीच्यांना तिच्याबद्दल पाच मिनिटं सांगा. पुतणीनं रोझेटा स्टोन घेतला, वहिनीनं अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. पुतण्यानं ममी. दीड तासात बाहेर! टीनएजर्सचं म्युझियम-बजेट दीड तास, त्यावर एक मिनिट नाही. हे लिहून ठेवा.

लाल दिंडी, निळी दिंडी

शनिवार आईचा. सकाळी निघालो तर वेंब्ली पार्क स्टेशनबाहेर माणसंच माणसं. एफए कपची फायनल होती, मँचेस्टर सिटी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. स्टेडियमची क्षमता 90 हजार. स्टेशनापासून स्टेडियमपर्यंतच्या सरळ रस्त्यावर लाल आणि आकाशी रंगाचे लोंढे, गाणी, झेंडे, खांद्यावर पोरं. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या टीमला मात्र काहीच वाटलं नाही. वहिनीनं एका हातानं आईचा हात धरला, दुसऱ्यानं पोराची कॉलर, आणि गर्दीच्या उलट दिशेनं कडेकडेनं अशी काही चालायला लागली की जणू ती नातेपुत्याच्या बाजारपेठेतच आहे.

‘या कुठल्या दिंड्या?’ आईनं विचारलं.

‘लाल मँचेस्टरची आणि निळीपण मँचेस्टरचीच, आजी.’

‘एकाच गावच्या? मग भांडतात कशाला?’

(युनायटेड 2-1 नं जिंकली. रात्री गाण्यांनी झोप नाही. तीही सवय होतीच.)

आईच्या कॅप्टनशिपमध्ये चालणं जास्त आणि थांबणंही जास्त. वारीत असतो तसा विसावा तिनं लंडनमध्ये आणला. दर अर्ध्या तासानं बाक, पाणी, एखादा तुकडा भाकरीचा. गंमत म्हणजे पोरांना हेच जाम आवडलं. बाकावर बसून माणसं बघायची, कुत्र्यांच्या जाती ओळखायच्या. वेस्टमिन्स्टर, पार्लमेंट झालं आणि थेम्सच्या पलीकडे आल्बर्ट एम्बँकमेंटवर आलो. तिथल्या छोट्या बागेत महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे, 2015 च्या नोव्हेंबरात अनावरण झालेला. बसवेश्वर म्हणजे आपलं मंगळवेढं, आपलाच जिल्हा! आईनं चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाली, ‘हे लय लांब आलेत.’ लंडन आयच्या रांगेत दोन तास घालवण्यापेक्षा हे कितीतरी भारी होतं, आणि हे माझं नाही, पुतणीचं मत आहे.

थांबलेला ठिपका

रविवारी वहिनी कॅप्टन. तिला एकच ठिकाण बघायचं होतं, 10 किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारनं ते 2015 मध्ये घेतलं आणि तिथं स्मारक केलं. चॉक फार्म स्टेशनला उतरून पायी जाता येतं. आणि चॉक फार्मपासून दुसऱ्या दिशेला दहा मिनिटांवर आहे कॅम्डन मार्केट. पुतणीचा ड्रीम स्पॉट. जुने कपडे, चांदीच्या अंगठ्या, जगभरचं खाणं.

‘आई, मी आणि हा जाऊन येऊ? दोघंच? तीन वाजता घराशी भेटतो.’

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. दोन तास ठरले. लाइव्ह लोकेशन चालू. पोरं गेली, आणि आम्ही तिघी प्रिमरोझ हिलवर चढलो. ही टेकडी फुकट आहे आणि इथून लंडन जेवढं दिसतं तेवढं कुठल्याही महागड्या मजल्यावरून दिसणार नाही, असं मला तरी वाटतं. वहिनीनं त्यातलं काहीच बघितलं नाही. ती फोनमधला निळा ठिपका बघत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी ठिपका थांबला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. फोन लावला, उचलेना. वीस मिनिटं. आई म्हणाली, ‘विसावा घेत असतील.’ वहिनी काही बोलली नाही, फक्त उठून उभी राहिली. त्या वीस मिनिटांत मलाही शहरं नकोशी झाली, पुणंसुद्धा.

मग ठिपका हलला. तीनला पाच मिनिटं असताना दोघं किंग हेन्रीज रोडवर हजर. हात चिखलानं माखलेले, चेहरे उजळलेले.

कॅम्डनमधून रीजंट्‌स कॅनॉल जातो, 1820 मध्ये पुरा झालेला. मार्केटच्या मधोमध त्याचे दरवाजे आहेत, ज्यांना लॉक म्हणतात. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी उतरवायचं आणि बोट खालच्या पातळीवर गेली की पुढचा दरवाजा उघडायचा. सगळं हातानं, लांब लाकडी दांडा पाठीनं रेटून. बोटीवरच्या एका काकूंनी या दोघांनाही दांडा रेटायला लावला. फोन बॅगेत, बॅग गवतावर.

‘आत्या, तो कालवा वाहतच नाही!’ पुतणी सांगत होती. ‘आपला नीरा उजवा कालवा कसा आवर्तन सुटलं की धावतो. इथं पाणी थांबलेलं आणि बोटी चालतात.’

‘मग पाण्याची पाळी कुणाची असते?’ पुतण्याचा प्रश्न. त्याला खरंच हवं होतं उत्तर.

वहिनी पोरीच्या हातांकडे बघत राहिली. रागावली नाही. रुमाल काढून दिला.

मग आत गेलो. घर शांत, छोटं, जिन्यांचं. वहिनी शिक्षिका आहे, ती प्रत्येक पाटीपाशी थांबली आणि आईला मराठीतून सांगत गेली. 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्धवट सोडून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राचं कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये पुन्हा आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. 1923 मध्ये. आई ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, ‘जेवायचं काय करायचे?’ पुतणी एका खिडकीपाशी बराच वेळ उभी होती. मी तिला काही विचारलं नाही.

साडेआठचा निकाल, साडेबाराची सावली

सोमवार, 27 मे. निकाल भारतात दुपारी एकला. म्हणजे लंडनमध्ये सकाळी साडेआठ. डायनिंग टेबलवर चहा थंड. साइट लोड होईना. सीट नंबर टाकायचा आणि त्याखाली आईचं नाव. पुतणीची बोटं थरथरत होती, म्हणून वहिनीनंच स्वतःचं नाव टाइप केलं. 88.40.

आरडाओरडा, आईचं साखर वाटणं (पेढे नव्हते ना!), मग दादाचा व्हिडिओ कॉल. दुकानात गिऱ्हाईक, मागे बियाण्याच्या पिशव्या, दादाचे डोळे ओले. आणि मग ते आलंच. ‘झकास! आता अकलूजला सायन्स घालू. घरनं ये-जा करंल.’

‘पप्पा, मला पुण्याला जायचंय.’

दोन सेकंद नेटवर्क गेलं असं वाटलं. गेलं नव्हतं. दादा ‘बघू’ म्हणाला. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. मला ठाऊक आहे, बारावीनंतर मी ते सहा महिने ऐकलंय.

कॅप्टन तीच होती त्या दिवसाची. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘चला, ग्रीनिच.’ रूट तिनं वहीत लिहून आणला होता. ज्युबिली लाइननं कॅनरी व्हार्फ, तिथून डीएलआर. ही ड्रायव्हर नसलेली गाडी, पुढच्या काचेशी पुतण्या बसला आणि स्वतःच चालवल्यासारखी तोंडानं हॉर्न वाजवत राहिला. आयलंड गार्डन्सला उतरलो. पुढे नदी. पूल नाही.

‘आता?’ वहिनी.

‘आता खालून.’

थेम्सच्या पोटातून पायी जायचा बोगदा आहे, 1902 चा, फुकट. पलीकडे राहणाऱ्या कामगारांना गोदीत कामाला जाता यावं म्हणून बांधलेला. लांबी 370 मीटर, पांढऱ्या फरशा, गारवा. आई मधोमध थांबली आणि छताकडे बघून हात जोडले. वर नदी होती ना.

वेधशाळेला तिकीट आहे, पण बाहेर भिंतीवरचं जुनं शेफर्ड घड्याळ बघायला पैसे लागत नाहीत. 1852 चं, 24 तासांचं. ‘बंद पडलंय,’ पुतण्या म्हणाला, ‘एक तास मागे आहे.’ पुतणीनं मान हलवली. हे घड्याळ बारा महिने ग्रीनिचचीच वेळ दाखवतं. उन्हाळ्यात अख्खा देश काटे तासानं पुढे करतो, हे नाही करत. 1884 मध्ये जगानं शून्य रेखांश इथून धरला, तो इथला.

मग ती वही काढून बसली. ‘आपलं गाव साधारण 75 रेखांशावर. एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे 300 मिनिटं, पाच तास. पण घड्याळात आपण साडेपाच तास पुढे! म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा नाही, साडेबारा वाजलेले असतात.’

‘त्यात काय,’ आई म्हणाली. ‘मे महिन्यात सावली पायाखाली साडेबारालाच येते. मला विचारायचं.’

बँक हॉलिडेचा दिवस, टेकडीवर ही गर्दी. गवतावर बसलो. खाली नदी, पलीकडे कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती, माझ्यासारख्याच कुणाकुणाची ऑफिसं. पुतणी परतीचा वेगळा रूट भावाला समजावत होती, बोटीनं जाऊन मग बस, आणि तो चक्क इयरफोन काढून ऐकत होता. आई आडवी झाली होती. वहिनीनं भाकरी मोडली, चटणी ठेवली, अर्धी मला दिली. बराच वेळ लेकीकडे बघत होती.

‘ताई,’ ती हळूच म्हणाली, ‘पुण्यात पोरींना पीएमपीचा पास कितीला मिळतो?’